पथारीवरचा लाल उजेड

माघातली सकाळ होती. हेमकांत पाटलांनी पाण्याची मोटर लावली, गच्चीवरची टाकी भरून सांडेपर्यंत अंगणातल्या जास्वंदीला आणि कढीपत्त्याला पाणी घातले, दुधाची पिशवी कोपऱ्यात कापून पातेल्यात ओतली, गॅस बारीक केला आणि मागच्या खोलीत जाऊन उत्तरेकडची खिडकी उघडली. उघडताच लागोपाठ दोन शिंका आल्या. मिरचीच्या हंगामात नंदुरबारच्या माणसाचा दिवस असाच उजाडतो. मिरची बाजारात असते, गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या रानांवर, वाळत असते, आणि वारा फिरला की न विचारता घरात येऊन बसते. देवघरातून दामिनीबाईंनी सवयीने "शतायुषी व्हा" म्हटले आणि त्याच सुरात विचारले, "दुधाकडे लक्ष आहे ना? की आजही त्या यंत्रापायी उतू घालवणार?"

"गॅस बारीक केलाय."

"बारीक केलेलंच उतू जातं. भडकलेल्याकडे माणूस बघतो तरी."

हेमकांत हसले, पण जागचे हलले नाहीत. टेबलावर त्यांच्या मुलाने, धीरजने, दिवाळीत पुण्याहून पाठवलेला फोटो छापायचा प्रिंटर होता. शेजारी स्कॅनर होता, आणि त्यावर रात्रभर वाळत ठेवलेला एक कागद. त्या कागदावर ओळीने रंगीत चौकोन छापलेले होते. प्रिंटर रंग कितपत खरे छापतो, हे तपासायची ही रीत. आधी सोबत आलेली नमुन्याची पट्टी स्कॅनरला दाखवायची, मग आपल्या प्रिंटरचा कागद दाखवायचा. दोहोंत कुठे किती फरक पडतो ते संगणक पाहतो आणि पुढच्या छपाईत तेवढा फरक भरून काढतो. माहितीपुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिले होते की हे करताना स्कॅनरची आपोआप होणारी रंगदुरुस्ती बंद ठेवावी.

हेमकांतांनी सूचना वाचली होती. महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत सारी नोकरी केलेला माणूस सूचना वाचल्यावाचून यंत्राला हात लावत नाही. त्यांनी दुरुस्ती बंदही ठेवली होती. पण पडद्यावर कागदाचा पांढरा भाग किंचित मळकट, गुलाबीसर दिसला आणि त्यांच्या मनाने क्षणात निवाडा करून टाकला : मिरचीची धूळ! नंदुरबारात कुठलीही वस्तू तांबूस दिसली की तिचा गुन्हा मिरचीच्या नावावर लिहिला जातो. धोब्याकडून आलेला सदरा असो, नाही तर देवळाच्या पायऱ्या. त्यांनी काच मऊ फडक्याने पुसली. गुलाबी झाक गेली नाही. धूळ काचेच्या आत शिरली असणार, ती काढायची तर यंत्र खोलावे लागेल. त्यापेक्षा यंत्राला स्वतःच तो दोष काढता येत असेल तर काढू द्यावा, असा विचार करून त्यांनी रंगदुरुस्तीच्या चौकोनात खूण केली. पडदा झळकला. पांढरे पांढरे झाले. पट्टीही तशीच दाखवली, कागदही तसाच दाखवला, आणि मग ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप होता तो फोटोही त्याच उजळ नजरेखाली ठेवला.

फोटो तळहाताएवढा होता. पंचेचाळीस वर्षांपूर्वी सुरतेच्या मिलमध्ये कामाला असलेल्या मामांनी कुणाचा तरी कॅमेरा मागून आणला होता आणि आबांच्या पथारीवर भर दुपारी तो काढला होता. आबा, म्हणजे हेमकांतांचे वडील धुडकू पाटील, गावाबाहेरचे माळरान हंगामापुरते भाड्याने घेत आणि ओली लाल मिरची विकत घेऊन तिथे वाळत घालीत. फोटोत ते पांढऱ्या टोपीत, पांढऱ्या सदऱ्यात उभे होते. बाजूला माय उकिडवी बसून मिरच्या उलटीपालटी करत होती. मधोमध टोपले कमरेवर घेतलेली थोरली बहीण नूतन, म्हणजे अक्का, लग्नाआधीची. ऊन वरून पडत होते आणि खालच्या मिरच्या ते लाल करून वर फेकत होत्या. त्यामुळे टोपी गुलाबी, सदरा गुलाबी, अक्काची हनुवटी लाल, आणि खाली वाकलेल्या मायचा चेहरा तर त्या लालीत बुडून गेलेला. तिचा दुसरा एकही फोटो नव्हता.

हेमकांत फोटोत नव्हते. शाळेचा सदरा अंगावर होता म्हणून ते मामांच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले होते. वर्गातली मुले त्यांच्या बाकावर बसताना मुद्दाम शिंकत. घरच्या कपड्यांतली ती तांबूस झाक कुणाला दिसू नये, असे त्यांना त्या वयात फार वाटे.

महिन्यापूर्वी अक्काने निरोप धाडला होता. तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. सुरतेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की हे थांबवता येईल, गेलेले परत आणता येणार नाही. अक्काने फोनवर अहिराणीत एवढेच म्हटले, "हेमू, ती पथारी माले एकदाव मोठी करी दखाड. धाकला फोटोमा आते काहीच सापडत नही." आजवर तिने धाकट्या भावाकडे काही मागितले नव्हते. राखीची ओवाळणीसुद्धा ती अर्धी परत करीत असे.

प्रिंटरमधून मोठा कागद हळूहळू बाहेर आला तेव्हा हेमकांत उभे राहिले. आबांचा सदरा पांढराशुभ्र झाला होता. अक्काचा रंग गव्हाळ, स्वच्छ. आणि माय! लाली निघून गेली होती आणि तिच्याखालून मायचा चेहरा वर आला होता. कपाळावरचे गोंदण, गालाचे हाड, घट्ट मिटलेले ओठ. त्यांनी दामिनीबाईंना हाक मारली. त्या ओल्या हातांनी आल्या आणि दारातच थांबल्या.

"सासूबाई," त्या हळूच म्हणाल्या. त्यांनी सासूला पाहिलेच नव्हते. "धीरजचे ओठ यांचे आहेत हो."

दूध त्या दिवशी उतू गेले ते गेलेच.

*

फ्रेम करून घेऊन हेमकांत एसटीने तापीपलीकडच्या प्रकाशा गावी गेले. अक्काचा मुलगा नवनीत याने तिथे नवे घर बांधले होते आणि येत्या रविवारी वास्तुशांत होती. केळीच्या चांगल्या भावाचे दोन हंगाम त्या घरात उभे होते. अंगणात फरशीचे उरलेले तुकडे, मांडवाचे बांबू, आणि ओसरीवर खाटेवर बसलेली अक्का.

"उना का, हेमू?"

"कसं वळखं, अक्का?"

"तुन्ही चप्पल वाजनी. आबागत पाय घसडीसन चालस तू." ती समोर न पाहता मान वळवून, डोळ्याच्या कडेने पाहत होती. आपणच हसून म्हणाली, "दख, मी ते कोंबडी व्हई गई. दाना समोर ठेवा ते दखाये नही, बाजूले ठेवा ते टिपी लेस." मग अंगणाच्या टोकाला नळाकडे बोट करून तिने सुनेला हाक दिली, "रंजिता, ती लाल बादली भरी गई, पानी वाही ऱ्हायनं!"

बादली खरोखरच भरून वाहत होती.

नवनीत घाईघाईने बाहेर आला. त्याने कागद फाडून फ्रेम काढली आणि हात लांब करून धरली. "मामा! एकदम फर्स्टक्लास! आबा ते कालदिन फोटो काढेल शे तसा दखाई ऱ्हायनात. हॉलमा, सोफाना वर लावूत. पाहुणा उनात की पहिले हाऊच दखतीन."

"आधी मायले दखू दे," रंजिता सासूकडे बोट करून म्हणाली.

अक्काने फ्रेम मांडीवर घेतली. पदराने काच पुसली. तिने फ्रेम उजवीकडे सरकवली, मग डावीकडे, मग जरा वर उचलून मान तिरकी केली. तिची बोटे काचेवरून खालच्या भागात फिरत राहिली, जिथे माळरानभर मिरच्या पसरलेल्या होत्या.

"भारी शे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, भावाला एकट्याला विचारावे तसे, "हेमू, आठे खाले काय शे? गहू टाकेल शेत का?"

"मिरच्या शेत, अक्का. आपलीच पथारी."

"हां. मिरच्याच व्हतीन." तिने फ्रेम अलगद नवनीतच्या हाती दिली. "मन्हा डोयाच गयात, त्याले बिचारा फोटो काय करी? माले वाटनं व्हतं, तेवढं तरी दखाई. ऱ्हाऊ दे. च्या टाक गं, रंजिता. मामा उन्हातून उना."

नवनीत म्हणाला, "माय, डॉक्टर बोलनाच व्हता ना, गयेल ते परत येवाव नही म्हनीसन."

"बोलना व्हता, बाबा. माले कुठे काय म्हनानं शे!"

चहा झाला, वास्तुशांतीच्या जेवणाची बोलणी झाली, मांडववाल्याला शिव्या घालून झाल्या. अक्का त्या साऱ्यात होती, पण फोटोचा विषय तिने पुन्हा काढला नाही. निघताना तिने भावाच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. ती एरवी असे करीत नसे.

परतीच्या एसटीत, तापीच्या पुलावर, खिडकीशी बसलेल्या हेमकांतांच्या डोक्यात ती बादली आली. अंगणाच्या टोकाची बादली जिला दिसते, तिला मांडीवरची मिरची दिसत नाही, हे कसे? त्यांनी खिशातून मूळ फोटो काढला. मूळ फोटोत लाल होते. छापलेल्यात नव्हते. छापलेल्यात मिरच्या होत्या, प्रत्येकीचा देठ मोजून घ्यावा इतक्या नीटस होत्या. पण त्या विटकरी, भुरक्या झाल्या होत्या. ज्याला देठ दिसतो तो तिला मिरची म्हणेल. ज्याला फक्त रंग उरला आहे त्याने काय म्हणावे?

त्यांनी फोटोची पांढरी किनार निरखली. वर्षानुवर्षांनी ती पिवळी पडली होती, पण लाल मुळीच नव्हती. म्हणजे लाली फोटोच्या म्हातारपणाची नव्हती आणि धुळीचीही नव्हती. त्या दुपारी तिथे उजेडच तसा होता. यंत्राने त्याला डाग समजून धुऊन काढला होता, आणि तसे करायला त्यांनीच त्याला मुभा दिली होती.

आणि ते आठवू लागले. संध्याकाळी शाळेतून परस्पर पथारीवर जाताना लांबूनच दिसणारे ते लाल रान. त्याच्या काठाला आले की अक्का हाक मारी, तेव्हा तिचे दातसुद्धा गुलाबी दिसत. आबा मिरची मुठीत दाबून तिचा ओलावा पाहत आणि मूठ उघडली की तळहात पेटल्यासारखा वाटे. माय दिवे लागायच्या आधी डोळ्यांना तूप लावी. सगळ्यांचे डोळे चुरचुरत, सगळे नाके ओढत, आणि तरी कुणी तरी काही तरी बोलून हसवत असे. त्या रानावर आता प्लॉट पडले होते. पांढरे दगड आणि त्यांवर आकडे. ते रान तसे पाहिलेली माणसे आता दोनच उरली होती, आणि त्यांतल्या एकीला आज असे वाटले होते की आपल्या डोळ्यांतून तेही गेले.

*

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा चौकोनांचा कागद छापला आणि वाळू दिला. दुपारी स्कॅनरचे झाकण उघडून नमुन्याची पट्टी ठेवली, पडद्यावरची रंगदुरुस्तीची खूण काढली, आणि तीच मळकट गुलाबी झाक पुन्हा समोर आली. या वेळी त्यांनी तिला हात लावला नाही. तीच झाक पट्टीच्या पांढऱ्यावर होती आणि तीच कागदाच्या पांढऱ्यावर. या यंत्राला पांढरे असेच दिसत होते.

त्यांना स्वतःचेच हसू आले. कॅलिपरच्या शून्यात चूक असेल तर ती घासून काढू नका, आधी वाचा, लिहून ठेवा आणि मग मापातून वजा करा, हे त्यांनी मुलांच्या किती तुकड्यांना सांगितले होते! मापणाऱ्याची नजर अधू असली तरी चालते, ती दर खेपेला सारखीच अधू हवी. पट्टीला एक नजर आणि कागदाला दुसरी लावली की तुलनेला अर्थ उरत नाही. दुरुस्ती चालू असताना नेमके तेच झाले होते. यंत्राने दोन्ही वेळा आपल्या मनाने वेगवेगळे सुधारून घेतले होते, आणि प्रिंटरचा लाल मुळातच फिका पडतो ही गोष्ट लपून राहिली होती.

दामिनीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "पुन्हा? परवा तर इतका सुंदर निघाला."

"अक्काला त्यात मिरची दिसली नाही."

"त्यांना काहीच दिसत नाही हो आता."

"लाल दिसतं."

हेमकांतांनी मूळ फोटो काचेवर पालथा ठेवला, झाकण लावले आणि त्यालाही कुठलीच दुरुस्ती लावली नाही. प्रिंटर कुरकुरत चालू झाला. आधी वरचे फिके आकाश आले. मग टोपी, गुलाबी. मग सदरा, गुलाबी. मग अक्काची हनुवटी, आणि मग कागदाचा सारा खालचा भाग एकाच दमात लाल होत गेला. खोलीत कुणी काही पेटवले असे वाटावे, इतका लाल. माय त्यात परत बुडाली. वाकलेली पाठ दिसत होती, हात दिसत होते. गोंदण, गाल, ओठ यांतले काही राहिले नाही.

"अगं बाई," दामिनीबाई म्हणाल्या. "सासूबाई गेल्या की."

"हो."

"दोन्ही छापलेत तसे दोन्ही द्या. एक हॉलमध्ये, एक त्यांच्याजवळ."

"नवनीतची फ्रेम एकच आहे. हॉलमध्ये ते चित्र असलं की येणारा जाणारा तिला सांगेल, अक्का, किती छान दिसतात सगळे. ती हो म्हणेल. आणि मनात म्हणेल, मला मेलीला दिसत नाही. तिचे डोळे गेलेले नाहीत, दामिनी. निदान तेवढे तरी नाहीत. चूक माझ्या छपाईत होती."

"मग नवनीतला फोन करून सांगा."

त्यांनी फोन केला. पलीकडे फरशीवाल्याचा आवाज होता, त्यावरून नवनीत ओरडत होता. "मामा, ते लाल नका लावू! जुना फोटो खराब व्हई जास तसं वाटी. हॉलनी भिंत क्रीम कलरनी शे. लोके म्हनतीन, एवढं घर बांधं अन् फोटो भंगारना!" मग जरा मवाळ होऊन, "तुम्ही या ना, मग दखूत."

"येतो," हेमकांत म्हणाले. वाद घालण्याची त्यांना हयातभर सवय नव्हती. दामिनीबाई म्हणाल्या, "म्हणजे दखणार नाहीच तो," आणि लाल कागद चुरगळू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या पैठणीची पुठ्ठ्याची नळी आणून दिली.

*

रविवारी पहिल्या एसटीने दोघे प्रकाशाला पोहोचले. मांडव उभा होता, आचारी भाजी फोडणीला टाकत होते, भटजी नवनीतला नारळ कुठे ठेवायचा ते तिसऱ्यांदा सांगत होते. अक्काला बायकांनी आतल्या खोलीतून ओसरीवर आणले होते आणि रंजिता तिच्या केसांत गजरा माळत होती. "नवरी करी ऱ्हायन्यात मन्ही, या वयमा," अक्का म्हणत होती. दामिनीबाई तिच्याजवळ बसल्या आणि बोलत राहिल्या.

हेमकांत हॉलमध्ये गेले. क्रीम रंगाच्या भिंतीवर फ्रेम होती. पांढऱ्या सदऱ्यातले आबा येणाऱ्याकडे पाहत होते. मायही पाहत असल्यासारखी वाटत होती. ते तिच्यापुढे थोडा वेळ उभे राहिले. मग स्टुलावर चढले, फ्रेम उतरवली आणि अक्काच्या खोलीत नेऊन खाटेवर पालथी ठेवली.

मागच्या खिळ्या त्यांनी किल्लीने वाकवल्या, पुठ्ठा काढला, कागद काढला. नळीतला लाल कागद उलगडला, तळव्यांनी सपाट केला आणि काचेमागे बसवला. एका कोपऱ्यात हवा राहिली होती, म्हणून पुन्हा काढून पुन्हा बसवला. खिळ्या एकेक करून आत दाबल्या.

खाटेच्या डाव्या हाताला खिडकी होती. त्या बाजूच्या भिंतीला खाटेवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर त्यांनी बोटाने जागा धरली. अक्का ज्या कडेने पाहत असे तीच ती कड होती. नव्या भिंतीला खिळा ठोकण्यापूर्वी त्यांनी क्षणभर बाहेरचा कानोसा घेतला. लाऊडस्पीकर नुकताच लागला होता आणि सारे घर त्या आवाजाने भरले होते. त्यांनी खिडकीत पडलेला फरशीचा तुकडा उचलला आणि खिशातून आणलेला खिळा ठोकला. रंगाचा एक पापुद्रा खाली पडला. तो त्यांनी उचलून खिडकीबाहेर टाकला.

मग फ्रेम अडकवली, पातळीत आहे ना ते पाहिले, खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला सारला. काढलेला कागद गुंडाळून नळीत घातला, नळी काखोटीला मारली, आणि हॉलमधले स्टूल जागेवर नेऊन ठेवायला ते बाहेर पडले.